नांगर एकाचा, सातबारा दुसऱ्याचा

आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यात पनवेल तालुक्याच्या पूर्वेकडील शिवारात भातलावणीची धांदल असते. माथेरानच्या डोंगरावरून उतरणारे पाणी गाढी नदीला मिळत असते, खाचरांत चिखलणी चाललेली असते आणि इरल्याच्या जागी आता प्लास्टिकचा कागद पांघरलेल्या बायाबापड्या वाकून रोपांच्या मुठी लावीत असतात. त्याच सुमारास काही कोसांवर, खांदा कॉलनीतील एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या खातेदाराच्या भ्रमणध्वनीवर बँकेचा संदेश येतो : शेतकरी सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता जमा झाला. ज्या खाचरासाठी हा हप्ता आला, ते खाचर त्या वेळी दुसराच कोणी लावीत असतो. तो ते अर्धेलीने करतो, किंवा ठराविक भाताच्या मक्त्याने करतो. त्याच्याकडे असला संदेश येत नाही.

यात कोणी लबाडी केली आहे असे मुळीच नाही. खातेदाराचे नाव सातबाऱ्यावर आहे, जमीन शेतीखाली आहे, तो आयकर भरीत नाही. नियमाप्रमाणे तो पात्र आहे. चिखलात राबणारा अपात्र आहे, तोही नियमाप्रमाणेच. तथापि शेतीला सरकारी साहाय्य देण्यामागे जो हेतू असतो, म्हणजे बी, खत, औषधे व मजुरी यांचा भार उचलणाऱ्यास हातभार लावावा, तो हेतू अशा शेतावर कितपत सफल होतो, याचा विचार गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणि शेतकरी बंधूंनी शांतपणे केला पाहिजे. अनुदान कागदाच्या मागे जाते. म्हणून कागद कसा तयार झाला हे आधी समजून घेणे इष्ट होय.

खांद्याच्या शिवारापासून खांदा कॉलनीपर्यंत

पूर्वीचा कुलाबा व आजचा रायगड जिल्हा हा भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. पनवेल हे त्या कोठाराच्या उत्तरेकडील दार. खाडीलगतच्या खारजमिनी, मधली खलाटी आणि डोंगरउतारावरील वरकस असे या तालुक्याच्या जमिनीचे तीन थर आहेत. खांदा हे त्यांपैकी खलाटीतील एक गाव होते.

१७ मार्च १९७० रोजी सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन करण्याचे काम सुरू झाले. त्या शहराच्या नवीन पनवेल या भागात लोहमार्गाच्या पश्चिमेस जी वसाहत उभी राहिली, ती खांदा कॉलनी. जुन्या गावाचे नाव वसाहतीला राहिले, खांदेश्वराचे नाव रेल्वे स्थानकाला मिळाले, आणि बांधांच्या जागी रस्ते आले. संपादनाच्या मोबदल्यावरून या भागातील शेतकऱ्यांनी मोठा लढा दिला. पनवेलचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले.

या घडामोडीचे दोन परिणाम शेतीच्या अनुदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, ज्यांची सर्व जमीन संपादनात गेली त्यांचे शेतकरी म्हणून असलेले नाव सातबाऱ्यावरून गेले. त्यांच्यापैकी कोणी आज दुसऱ्याची जमीन अर्धेलीने करीत असेल, तर तो शेतीच्या कामात शेतकरी आणि कागदावर कोणीही नाही. दुसरा परिणाम असा की, शहर जसजसे पूर्वेकडे सरकले तसतशी उरलेल्या गावांतील जमीन शहरवासीयांच्या नावे होत गेली. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यासच विकत घेता येते. पण ज्याच्या नावे राज्यात कोठेही शेती आहे तो कागदावर शेतकरीच असतो. २०१३ साली विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची अधिसूचना निघाली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटनही झाले. अशा जमिनीचा खातेदार तिच्याकडे भाताचे खाचर म्हणून पाहील की पुढे-मागे किंमत येणारी ठेव म्हणून पाहील, हे सांगावयास नको. मधल्या काळात जमीन पडीक दिसू नये म्हणून तो ती गावातल्या कोणाला तरी करावयास देतो. ही देवघेव तोंडी असते.

तोंडी का असते ?

या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ऑक्टोबर १९३३ मध्ये संप पुकारला. खोताच्या जमिनी पेरावयाच्या नाहीत असा तो निर्धार होता आणि तो सुमारे सहा वर्षे टिकला. त्या काळात कुळांनी जंगलातील लाकूडफाटा विकून व मोलमजुरी करून दिवस काढले. १९३९ साली मुंबई प्रांतात कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा झाला, १९४८ साली त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली, १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस 'कृषक दिन' ठरून त्या दिवशी जमीन कसणारी कुळे तिची मालक मानली गेली. आज कुलाब्याच्या कितीतरी घरांत जो सातबारा आहे तो या कायद्याने आला आहे. चावडीच्या दप्तरात कुळाचे नाव असणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

त्याच कायद्यात कलम ३२-ओ आहे. कृषक दिनानंतर जमीन मालकाने नवे कूळ निर्माण केले, तर जातीने जमीन कसणाऱ्या त्या कुळास, काही अपवाद सोडून, एक वर्षाच्या आत ती जमीन विकत मागण्याचा हक्क या कलमाने दिला आहे. कायद्याचा उद्देश चांगला होता. पुन्हा नवी खोती उभी राहू नये हा तो उद्देश. परंतु त्याचा व्यवहारातील परिणाम असा झाला की, जमीन दुसऱ्यास करावयास देणारा खातेदार कागदावर अक्षर उमटू देत नाही. काही खातेदार तर दोन-तीन वर्षांनी कसणारा मनुष्यच बदलतात.

पीक पाहणीच्या वेळी मालकाखेरीज दुसरा कोणी वहिवाट करताना आढळल्यास त्याची माहिती तहसीलदाराकडे पाठवून, चौकशीनंतर गाव नमुना सात-ब मध्ये नोंद घेण्याची तरतूद आहे. पण तशी नोंद मागणारा मनुष्य पुढल्या वर्षी त्या शेतावर राहील का, ही भीती त्याला गप्प बसविते. एकेकाळी ज्या कायद्याने कसणाऱ्याचे नाव कागदावर आणले, त्याच कायद्याच्या धाकाने आजच्या कसणाऱ्याचे नाव कागदाबाहेर राहिले आहे.

अनुदानाच्या तीन वाटा

सरकारी साहाय्य शेतापर्यंत तीन वाटांनी येते. या तीन वाटांतील फरक ग्रामकार्यकर्त्याने नीट ध्यानात घ्यावा.

पहिली वाट पिशवीची. युरियाची ४५ किलोची पिशवी शेतकऱ्यास २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिचा खरा उत्पादन खर्च याहून कितीतरी अधिक असून मधला फरक केंद्र सरकार खत कंपनीस देते. याच जिल्ह्यातील थळ येथे युरियाचा मोठा कारखाना आहे. २०१८ पासून देशभर दुकानातील यंत्रावर खरेदीदाराची ओळख पटवून खत दिले जाते आणि त्या विक्रीवर कंपनीस अनुदान मिळते. या व्यवस्थेत पिशवी उचलणारा तो लाभार्थी. तो मालक आहे की अर्धेलीवाला, हा प्रश्न येत नाही. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या भातजातींचेही तसेच आहे. जो बी पेरील त्याला त्याचा गुण मिळतो.

दुसरी वाट वस्तूची व कामाची. पॉवर टिलर, मळणीयंत्र, ठिबक संच, फळबाग ही तिची उदाहरणे. यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांस सामान्यतः किमतीच्या ५० टक्के व इतरांस ४० टक्के अनुदान ठराविक मर्यादेत मिळते. ठिबक संचासाठी केंद्राचे ५५ व ४५ टक्के आणि त्यावर राज्याची भर धरून अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळते. फळबागेसाठी राज्यात १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली योजना आहे आणि २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाची दुसरी योजना आली. तिच्यात कोकणासाठी क्षेत्राची मर्यादा १० हेक्टर आहे. या सर्वांस सातबारा लागतो. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक केला गेला, आणि तो क्रमांक जमिनीच्या नोंदीवरून मिळतो. म्हणजे ज्याच्या नावे जमीन नाही, त्याला या वाटेवर दारातच थांबावे लागते.

तिसरी वाट बँक खात्याची. केंद्राचा किसान सन्मान निधी १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. राज्याने २०२३-२४ पासून नमो शेतकरी महासन्मान निधी म्हणून आणखी ६,००० रुपयांची जोड दिली. धानउत्पादकांना प्रोत्साहनपर रक्कम मिळते. २०२३-२४ च्या हंगामासाठी ती हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी होती. नैसर्गिक आपत्तीतील मदतही याच वाटेने येते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडातील बागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपयांची मदत जाहीर झाली, तीही खातेदारांच्या खात्यांत गेली. या तिसऱ्या वाटेचा मोठा गुण असा की, मधल्या मध्ये काही गळत नाही. दोष इतकाच की, पैसा ज्या दारी पोहोचतो त्या दारी नांगर असेलच असे नाही.

एका हेक्टरचा हिशेब

समजा, एका खातेदाराची एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर, भातजमीन आहे. तो स्वतः खांदा कॉलनीत राहतो व लहानसे दुकान चालवितो. जमीन गावातील एक कुटुंब अर्धेलीने करते. राब भाजणे, नांगरट, चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी हे सर्व त्या कुटुंबाकडे आहे. बी-खताचा खर्चही तेच करते. पीक हेक्टरी ३० क्विंटल आले आणि ते २०२३-२४ च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला २,१८३ रुपयांनी, खरेदी केंद्रावर विकले गेले, असे धरू.

एकूण भाताचे ६५,४९० रुपये झाले. अर्धेलीप्रमाणे प्रत्येकास ३२,७४५ रुपये आले. आता सरकारी साहाय्य पाहू. केंद्राचे ६,०००, राज्याचे ६,००० आणि प्रोत्साहनपर रकमेचे २०,००० मिळून ३२,००० रुपये होतात. खरेदी केंद्रावरील नोंदणी सातबाऱ्यावर होत असल्याने ही सर्व रक्कम खातेदाराच्या नावे येते. म्हणजे खातेदारास मिळाले ६४,७४५ रुपये आणि कसणाऱ्यास ३२,७४५ रुपये. कसणाऱ्याच्या रकमेतून हेक्टरभर लावणीची मजुरी, पॉवर टिलरचे भाडे, बियाणे आणि खत वजा करावयाचे आहे. त्याच्या वाट्याला आलेले सरकारी साहाय्य म्हणजे युरियाच्या पाच पिशव्यांवरील सवलत.

या हिशेबातील उत्पन्नाचा आकडा कोणी कमी-अधिक धरील. परंतु एक गोष्ट बदलत नाही. भाताचे अर्धे पीक आणि सरकारी साहाय्य हे दोन्ही जवळजवळ सारखेच भरतात. त्या एका हेक्टरात जणू दोन पिके निघाली. पहिल्याची वाटणी खळ्यावर दोघांत झाली. दुसऱ्याची वाटणी झालीच नाही.

खातेदाराची बाजूही पाहिली पाहिजे. तो दुकानदार नसून एखादी वृद्ध विधवा असेल, मुलगा परगावी असेल, अंगात नांगर धरण्याचे बळ नसेल, तर तिला हे बारा हजार रुपये वर्षाचा आधार असतात. तिच्या हातचा घास काढून घ्यावा असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न घास काढून घेण्याचा नाही. दुसऱ्या पिकाचाही हिशेब खळ्यावर व्हावा, एवढाच तो आहे.

इतरांचा अनुभव

ज्या वर्षी चरीचा संप सुरू झाला त्याच वर्षी, १९३३ साली, अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळल्यामुळे सरकारने एक कायदा केला. कापसाचे क्षेत्र कमी करणाऱ्या शेतकऱ्यास रोख मोबदला द्यावयाचा, अशी त्यात योजना होती. दक्षिणेकडील राज्यांत कापूस वाटेकरी पिकवीत आणि जमीन बड्या मालकांची असे. मोबदल्याचा करार मालकाशी झाला. वाटेकऱ्यास त्यातील वाटा द्यावयाचा होता, पण अनेक ठिकाणी तो मिळाला नाही. उलट क्षेत्र कमी झाले म्हणून अनेक वाटेकरी कुटुंबांना घर सोडावे लागले. १९३४ साली आर्कन्सा राज्यात गोऱ्या आणि काळ्या वाटेकऱ्यांनी मिळून आपला संघ स्थापन केला. पुढे पिकातील वाट्याच्या प्रमाणातच मोबदलाही विभागला जावा, हे तत्त्व तेथील कायद्यात आले. साहाय्य चांगल्या हेतूने दिले तरी ते कोणाच्या नावे लिहिले जाते यावर कसणाऱ्याचे बरे-वाईट अवलंबून असते, हा त्यातील धडा.

आपल्या देशातील आंध्र प्रदेशाने २०१९ साली पीक कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. मालक आणि कसणारा यांच्यात अकरा महिन्यांचा करार, त्यावरून कसणाऱ्यास ओळखपत्र, आणि मालकाच्या मालकीहक्कास त्यामुळे कोणतीही बाधा नाही, असे त्याचे स्वरूप होते. मालकाची भीती आणि कसणाऱ्याची गरज या दोहोंचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होय. त्यातही मालकाची सही आवश्यक असल्याने पुष्कळ कसणारे ओळखपत्राविना राहिले. यावरून दिसते की, कायदा झाला तरी गावातील विश्वास निर्माण करण्याचे काम उरतेच; आणि ते काम गावातच करावे लागते.

ग्रामकार्यकर्त्याने काय करावे ?

योजनांचे नियम गावपातळीवर बदलत नाहीत. परंतु आहेत त्या नियमांत कसणाऱ्याच्या हाती अधिक पडावे यासाठी पुष्कळ करता येते.

१. शिवारफेरी करून प्रत्येक गटाचा खातेदार कोण आणि प्रत्यक्ष कसणारा कोण, याची आपल्या माहितीपुरती वही ठेवावी. ही वही हक्काचा पुरावा नव्हे, हे गावात स्पष्ट सांगावे. बियाण्याचे प्रात्यक्षिक, कीड-रोगाचा सल्ला, शेतीशाळा यांचे बोलावणे या वहीतील दुसऱ्या नावाला धाडावे. आज ते अनेकदा पहिल्या नावाला जाते आणि माणूस येत नाही.

२. वारसाच्या नोंदी आधी उरकाव्या. मृत बापाच्या नावे सातबारा आणि मुलाच्या हाती नांगर, ही स्थिती जागोजाग आढळते. जमिनीत हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याची वर्दी तलाठी कार्यालयास द्यावयाची असते. सन्मान निधीसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख आहे. त्यानंतर खरेदीने आलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही, पण वारसाने आलेल्या जमिनीवर मिळू शकतो. म्हणून वारसनोंद लांबविणे म्हणजे हातचे अनुदान सोडणे होय.

३. घरातील कसणारीची नोंद विसरू नये. या तालुक्यात पुरुष मुंबईस किंवा तळोज्याच्या कारखान्यांत कामास जातो आणि भात व त्यामागून येणारे वालाचे पीक बाई सांभाळते. १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती योजनेप्रमाणे पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येते. सन्मान निधी कुटुंबास एकच असल्याने त्यामुळे दुसरा हप्ता सुरू होत नाही; परंतु अवजारांच्या अनुदानासाठी ती स्वतःच्या नावे अर्ज करू शकते.

४. ई-पीक पाहणी वेळेत व्हावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही पद्धत सुरू असून पिकाचे छायाचित्र शेतावर उभे राहूनच घ्यावे लागते. शहरात राहणारा खातेदार शेतावर येत नाही आणि नोंद राहून जाते. मग भात असूनही सातबाऱ्यावर ते दिसत नाही, आणि खरेदी केंद्रावर दोघांचीही अडचण होते. खातेदारास आठवण देऊन त्याला एक दिवस शेतावर आणावे. त्या निमित्ताने तो आपली जमीन आणि ती करणारा माणूस, दोन्ही पाहील.

५. पीक विमा योजनेत कुळाने अथवा भाडेपट्ट्याने शेती करणाऱ्यास भाग घेता येतो. मात्र नोंदणीकृत भाडेकरार लागतो. २०२३ पासून दोन वर्षे विमा एका रुपयात होता. २०२५ च्या खरिपापासून खरीप पिकास विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याने भरावयाचा आहे. हप्ता कोणी भरावा आणि भरपाई आल्यास ती कोणाची, हे पेरणीपूर्वीच ठरवून घ्यावे.

६. वनहक्काचे पट्टे मिळालेले ठाकूर आणि कातकरी बांधव सन्मान निधीस पात्र आहेत. २००६ च्या कायद्याने दळीच्या जमिनीचा पट्टा ज्यांना मिळाला, पण ज्यांचे आधार, बँक खाते किंवा ओळख क्रमांक जुळलेले नाहीत, अशांची वाडीनिहाय यादी करून ते काम हातात घ्यावे. यांच्या बाबतीत कसणारा आणि कागद एकच आहेत. केवळ जोडणी राहिली आहे.

७. अपात्रांस वेळीच सावध करावे. आयकर भरणारे, दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे (चतुर्थश्रेणी कर्मचारी वगळून), डॉक्टर, वकील, अभियंते यांसारखे व्यावसायिक, आणि ज्यांची जमीन प्रत्यक्षात बिगरशेतीकडे वळली आहे असे खातेदार सन्मान निधीस पात्र नाहीत. अशा रकमा परत वसूल झाल्या आहेत. लाभ स्वेच्छेने सोडण्याची सोय आहे, तीही सांगावी. शहराच्या हद्दीतील जमीन मात्र केवळ त्या कारणाने अपात्र ठरत नाही. ती प्रत्यक्ष शेतीखाली असावी लागते.

८. लाभार्थ्यांची गावनिहाय यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. यादी उघड वाचली की मृतांची नावे निघतात, राहिलेली नावे पुढे येतात, आणि कोणाच्या शेतावर किती साहाय्य आले हे कसणाऱ्यासही कळते. आज ते त्याला ठाऊकच नसते.

खळ्यावरचा नवा वाटा

या सर्वांपेक्षा एक गोष्ट महत्त्वाची आहे आणि तिला कोणाच्या परवानगीची जरुरी नाही. अर्धेली ही कायद्याने ठरलेली रीत नाही. ती गावाने ठरविलेली रीत आहे. बी कोणी घालावे, पेंढा कोणी न्यावा, बांधाची डागडुजी कोणी करावी, हे प्रत्येक गावात बोलण्याने ठरते आणि पाळले जाते. ही रीत जेव्हा पडली तेव्हा शेतातून एकच पीक निघत होते, ते म्हणजे भात. खात्यावर येणारे पीक तेव्हा नव्हते. आता ते आहे, तर त्याचेही बोलणे मृगापूर्वी झाले पाहिजे.

ते कठीण नाही. खातेदार म्हणू शकतो की, सन्मान निधीचे पैसे माझे, पण बी आणि खत माझ्याकडून. किंवा, धानाची प्रोत्साहनपर रक्कम आली तर भाताप्रमाणेच ती अर्धी-अर्धी. किंवा, आपत्तीची मदत आली तर ज्याचा खर्च बुडाला त्याला आधी. यांपैकी कोणत्याही बोलीने खातेदाराच्या मालकीस धक्का लागत नाही. उलट ज्या शेतात बी आणि खत वेळेवर पडले त्या शेतात भात अधिक येतो, आणि अर्धेलीत त्याचा अर्धा वाटा त्याचाच असतो. कसणाऱ्यालाही पुढल्या वर्षाची शाश्वती वाटली तर तो बांध घालील, शेणखत टाकील, भाताच्या मागे वाल पेरील. ज्याला पुढल्या वर्षाची खात्री नाही तो मनुष्य जमिनीत काही ठेवीत नाही.

खांद्याचे शिवार आता परत येणार नाही. त्याच्या पूर्वेला जी शिवारे अजून हिरवी आहेत, ती किती वर्षे तशी राहतील हे बांधकामाच्या वेगावर आहे, तसेच ती करणाऱ्याला ती करणे परवडते की नाही यावरही आहे. सरकार शेतासाठी जे देते ते शेतापर्यंत पोहोचले तर ती काही काळ अधिक टिकतील. येत्या वैशाखात ग्रामकार्यकर्त्यांनी आपापल्या गावात खातेदार आणि कसणारे यांना एकत्र बसवून ही एक गोष्ट विचारावी : यंदा भाताचा वाटा ठरला, पण अनुदानाचा ठरला काय ?